डोक्याआधी दिवा : शिरूर-दौंडमधील सायकल, हेल्मेट आणि सुरक्षिततेचे समज

सायकल चालवणाऱ्याने हेल्मेट घालावे की नाही, याविषयी आपला कायदा गप्प आहे. मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम दुचाकी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला हेल्मेट घालायला सांगते. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या मुलांनाही त्यात आणले. सायकल मात्र मोटार वाहन नसल्याने या कलमाबाहेर राहते. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीवरची सायकलही त्याच सवलतीत बसते. म्हणजे निर्णय उरतो तो चालवणाऱ्याच्या मर्जीवर, आणि चालवणारा शाळकरी असेल तर त्याच्या आईवडिलांच्या मर्जीवर.

ही मर्जी कशावर ठरते आणि रस्त्यावरच्या खऱ्या धोक्याशी तिचा मेळ कितपत बसतो, हे पाहायला पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके सोयीचे आहेत. पुणे शहराची सायकल, तिचे ट्रॅक आणि हेल्मेटसक्तीला झालेला विरोध यांवर भरपूर लिहिले गेले आहे. महामार्ग, औद्योगिक वसाहत, ऊस आणि शाळा एकमेकांना खेटून असलेल्या या पट्ट्यातल्या सायकलकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. खरे तर हेल्मेटच्या प्रश्नाच्या सगळ्या बाजू इथे एकाच रस्त्यावर सापडतात.

कोण चालवतो आणि कुठे

शिरूर तालुक्याचा कणा म्हणजे पुणे-अहिल्यानगर रस्ता. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव आणि कारेगाव ही गावे त्याला लागूनच वाढली. रांजणगाव एमआयडीसीत फियाट, एलजी, व्हर्लपूल यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांना माल पुरवणारी लहान युनिट्स आहेत. शिफ्ट सुटली की बस, कंपनीच्या गाड्या, मोटारसायकली आणि पायी चालणारे यांच्या गर्दीत सायकलीही असतात. भाड्याच्या खोलीतून कंपनीत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला सायकल परवडते, पेट्रोल परवडत नाही. शिक्रापुरात चाकणचा रस्ता येऊन मिळतो आणि कंटेनरची भर पडते. अष्टविनायकांपैकी महागणपती रांजणगावात असल्याने चतुर्थीला आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या गाड्या त्यावर आणखी चढतात.

दौंडमध्ये तीच जागा पुणे-सोलापूर रस्त्याची. यवत, चौफुला, वरवंड, पाटस आणि कुरकुंभ ही गावे या रस्त्यावर आहेत आणि कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. दौंड शहर वाढले ते रेल्वे जंक्शनमुळे. रेल्वेखालून शहराचे दोन भाग जोडणारी कुरकुंभ मोरी किती अरुंद आहे, हे दौंडकरांना नव्याने सांगावे लागत नाही. मोरीत सायकलस्वाराला बाजू द्यायला जागाच नसते, म्हणून तो एक तर मोटारीच्या पुढे रेंगाळतो किंवा उतरून सायकल हातात धरतो. शिरूर-न्हावरे-चौफुला हा रस्ता दोन्ही तालुके जोडतो, पारगावजवळ भीमा ओलांडतो आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या गाड्यांनी भरून जातो.

या रस्त्यांवर सायकलस्वारांच्या तीन जाती दिसतात. पहिली शाळकरी मुलामुलींची. वाडी-वस्तीवरून दोन-चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात जाणारी ही मुले दप्तर कॅरियरला किंवा पाठीला लावतात आणि कधी मैत्रिणीला डबलसीट घेतात. दुसरी कामगारांची आणि शेतमजुरांची. डबा हँडलला, विळा किंवा खुरपे कॅरियरला, आणि सायकल काळी, जड, चोवीस किंवा बावीस इंची. तिसरी रविवारच्या हौशी मंडळींची. पुणे-पिंपरीहून पहाटे निघून सोलापूर रस्त्याने यवत-चौफुल्यापर्यंत येणारे हे गट डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकता लाल दिवा, अंगात भडक जर्सी अशा थाटात असतात. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते त्याच रस्त्याने पंढरपूरची सायकलवारीही जाते, आणि तिच्यातही हेल्मेट नसलेले डोके क्वचितच दिसते.

हेल्मेट घालतो तो तिसरा. रोजच्या धोक्यात असतात पहिले दोघे. हौशी सायकलपटू आठवड्यातून एकदा, वाहतूक कमी असताना, घोळक्याने जातो. कामगार रोज, अंधारात, एकटा जातो. इथे हेल्मेट धोका पाहून घातले जात नाही. ऐपत आणि हौस असलेल्याच्याच डोक्यावर ते बसते.

समज कुठून आले

‘हेल्मेट हे शर्यतवाल्यांचे काम’ हा समज या भागात पक्का आहे आणि तो अगदीच निराधार नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने पिढ्यान्‌पिढ्या सायकलपटूंची जी प्रतिमा दिली, तिच्यात हेल्मेट उशिरा आले. जगभरातही तसेच झाले. मार्च २००३मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून गेला, तेव्हा कुठे युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याच वर्षी मेपासून व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. त्याआधी व्यावसायिकांनीच या सक्तीला कडाडून विरोध केला होता. २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्यानंतर महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची लाट आली आणि तिच्याबरोबर हेल्मेट घरोघरच्या मोबाइलवर दिसू लागले. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे राइडला हेल्मेट आणि दिव्याशिवाय कुणी सोडत नाही. पण पाहणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ उलटाच बसला. हेल्मेट लागते ते दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला, आपल्याला तर फक्त शाळेपर्यंत जायचे आहे.

दुसरा समज वेगाचा. सायकल हळू चालते, म्हणजे लागले तर गुडघा फुटेल, फार तर कोपर सोलेल. लहानपणी दांडीखालून पाय घालून कैची सायकल शिकलेल्या प्रत्येकाचा अनुभव हाच असतो. गल्लीत तो खराही आहे. महामार्गावर मात्र सायकलचा वेग कमी असून भागत नाही, कारण धडकेचा वेग मागून येणारी गाडी ठरवते.

तिसरा समज दैवाचा. ‘वेळ आली की हेल्मेट काय करणार?’ हे वाक्य दुचाकीच्या हेल्मेटविरुद्धही ऐकू येते. १ जानेवारी २०१९पासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्तीची मोहीम जोरात सुरू केली, तेव्हा शहरात मोर्चे निघाले आणि कृती समित्या उभ्या राहिल्या. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, घामाने डोके भिजते आणि शहरात वेगच नाही तर हेल्मेट कशाला, असे सगळे मुद्दे तेव्हा मांडले गेले. ग्रामीण भागाने ते वर्तमानपत्रांतून वाचले आणि सायकलीपर्यंत आणले. मोटारसायकलवाल्यालाच नको आहे, तर सायकलवाल्याने का घालावे, हा प्रश्न त्यातूनच येतो.

चौथा समज सगळ्यांत खोलवरचा आहे, तो प्रतिष्ठेचा. सायकल म्हणजे अजून गाडी न घेता आलेल्याचे वाहन. ऐपत आली की तो मोटारसायकल घेणार, मुलगी कॉलेजात गेली की तिला स्कुटी मिळणार. जे वाहन सोडूनच द्यायचे आहे त्याच्यासाठी हजार-दीड हजाराचे हेल्मेट कोण घेईल? सायकलीवर हेल्मेट घातले तर चौकात चार जण हसतील, ही भीती पोरांना मार लागण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. घरातले मोटारसायकलचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर चढवण्याचा प्रयोगही काही पालक करतात. ते जड असते, त्याला हवेची भोके नसतात, मोठ्या मापाचे असल्याने ते डोळ्यांवर येते, आणि मुलाला हेल्मेटचा कायमचा तिटकारा बसतो.

हेल्मेट नेमके काय वाचवते

सायकल हेल्मेटच्या आत पांढरा फोम असतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येणारा थर्माकोलच, फक्त अधिक घट्ट दाबलेला. डोके आपटले की हा फोम चिरडतो, आपटण्याची ऊर्जा त्या चिरडण्यात जाते आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले तरी टाकून द्यायचे असते.

युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटून पाहतात. साधारण दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आले तर जो वेग होतो, तोच हा. अमेरिकेचे मानक थोडे अधिक कडक आहे. थोडक्यात, सायकलवरून पडण्याचा हिशेब धरून हे हेल्मेट बनते. साइडपट्टीच्या मुरमावरून चाक घसरले, खड्ड्यात पुढचे चाक अडकले, कुत्रे आडवे आले, गतिरोधकावर डबलसीटचा तोल गेला, अशा प्रसंगांसाठी ते आहे. ताशी ऐंशीने आलेल्या ट्रकसाठी ते बनवलेलेच नाही. वेग चौपट झाला की धडकेची ऊर्जा सोळापट होते. एवढी ऊर्जा अडीच सेंटिमीटर फोमच्या आवाक्याबाहेरची आहे.

मग अभ्यास काय सांगतात? १९८९मध्ये सिअ‍ॅटलच्या एका अभ्यासाने हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापती ८५ टक्क्यांनी कमी होतात असे म्हटले. तो आकडा जगभर पोस्टरांवर गेला आणि तितकाच वादातही सापडला, कारण हेल्मेट घालणारी मुले मुळातच सावध घरांतली आणि बागेत सायकल चालवणारी होती असा आक्षेप आला. पुढे ऑस्ट्रेलियातील ऑलिव्हिए आणि क्रेटन यांनी चाळीस अभ्यास आणि चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार यांचा एकत्र हिशेब मांडला. अपघात झालेल्यांत हेल्मेट घातलेल्यांना डोक्याच्या दुखापतीचा धोका निम्म्याने आणि गंभीर दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा ८५ धरा की ५०, दिशा एकच आहे. पडल्यावर हेल्मेट उपयोगी पडते. ‘काही फायदा नाही’ म्हणणारे इथे चुकतात.

पण हा सगळा हिशेब अपघात झाल्यानंतरचा आहे. अपघात टाळण्याचे काम हेल्मेट करत नाही. २००७मध्ये बाथ विद्यापीठाच्या इयान वॉकर यांनी स्वतः सायकल चालवत २,३५५ ओव्हरटेक मोजले. हेल्मेट घातले असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या, असे त्यांना आढळले. पुढे इतरांनी तीच आकडेवारी तपासून हा फरक महत्त्वाचा नाही असे म्हटले. वाद अजून मिटलेला नाही. मात्र हेल्मेट पाहून चालक अधिक जागा देतो, असा पुरावा कुणीच दिलेला नाही.

सक्तीचा धडा

सायकल हेल्मेटची सक्ती पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै १९९० रोजी आली, आणि १९९२पर्यंत ती देशभर पसरली. न्यूझीलंडने १९९४मध्ये तोच मार्ग धरला. हेल्मेटचा वापर झपाट्याने वाढला आणि डोक्याच्या दुखापती घटल्या. त्याचबरोबर सायकल चालवणारेही घटले, विशेषतः शाळकरी मुलांत. किती दुखापती हेल्मेटमुळे टळल्या आणि किती मुळात कुणी सायकलच चालवेना म्हणून, यावर तीस वर्षे वाद चालू आहे. मेक्सिको सिटीने २०१०मध्ये सक्ती मागे घेतली, इस्रायलने २०११मध्ये प्रौढांसाठी ती उठवली आणि अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात २०२२मध्ये ती रद्द झाली. जपानने मधला मार्ग काढला. एप्रिल २०२३पासून तिथे सगळ्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो, पण न घालणाऱ्याला दंड नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. तिथे हेल्मेटशिवाय लाखो लोक सायकल चालवतात आणि सुखरूप घरी येतात, हे खरे. पण १९७१मध्ये तिथे रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे गेली होती आणि त्यांत चारशेच्या वर मुले होती. त्यानंतर ‘मुलांचे खून थांबवा’ अशा नावाचे आंदोलन उभे राहिले, गल्ल्यांतला वेग उतरवला गेला आणि सायकलींना वेगळे रस्ते मिळाले. हेल्मेटविना चालणारी ती सुरक्षितता रस्त्यातून आली. आता तिथेही ई-सायकल चालवणाऱ्या ज्येष्ठांना हेल्मेट घ्या असा आग्रह होतो आहे. वेग वाढला की उत्तर बदलते.

शिरूर-दौंडपुरता याचा अर्थ असा : इथे सायकलवर हेल्मेटसक्ती आणली तर दंड कंपनीत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला आणि शाळकरी पोरांना बसेल, रविवारच्या जर्सीवाल्याला नाही. जमिनीवर राबवता न येणारा नियम लोकांना कायदा मोडायची सवय लावतो. आणि सायकली कमी झाल्या तर रस्त्यावर उरलेल्या सायकलस्वाराला धोका वाढतो. २००३मध्ये जेकबसन यांनी वेगवेगळ्या देशांची आकडेवारी लावून दाखवले की जिथे सायकलस्वार जास्त, तिथे प्रत्येकाला धोका कमी. चालकाच्या नजरेला सायकलची सवय असावी लागते.

मागून येणारा धोका

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या मृतांत ७४,८९७ दुचाकीवरचे होते आणि ३२,८२५ पादचारी. सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास. हा आकडा पाहून सायकल सुरक्षित असे समजणे धोक्याचे आहे. सायकलचे रोजचे अंतर दोन-चार किलोमीटरचे असते, आणि मोटारसायकलींच्या तुलनेत सायकली आता उरल्यातच थोड्या. याच अहवालात अपघातांच्या प्रकारांत मागून धडक पहिल्या क्रमांकावर आहे, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत.

मागून धडक आणि वेग हे दोन्ही शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर एकत्र येतात ते संध्याकाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू होते. आसपासचे साखर कारखाने, शिवाय दौंड तालुक्यातली शेकडो गुऱ्हाळे, यांच्याकडे ट्रॅक्टर, जुगाड आणि बैलगाड्या उसाने लादून निघतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्ता व्यापतो, उसाची टोके बाहेर लोंबतात आणि मागचा दिवा उसाखाली झाकला जातो. दर हंगामात आरटीओ, पोलिस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा करतात, त्याचे फोटो छापून येतात आणि पुढच्या आठवड्यात बिनदिव्याची ट्रॉली पुन्हा रस्त्यावर असते. सायकलस्वार या ट्रॉलीला बाजूने टाळायला जातो तेव्हा तो साइडपट्टी सोडून मुख्य लेनमध्ये येतो, नेमका भरधाव मोटारीच्या पुढ्यात.

त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या सायकललाही दिवा नसतो. ताशी ऐंशीने जाणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर अंतर कापते. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला, बिनदिव्याचा सायकलस्वार चालकाला साधारण तीस-चाळीस मीटरवर दिसतो. म्हणजे हातात दीड-दोन सेकंद. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक सेकंद सरतो. चांगला लाल रिफ्लेक्टर किंवा मागचा दिवा शंभर-दीडशे मीटरवरून दिसतो, आणि तेव्हा चालकाकडे पाच-सहा सेकंद असतात. डोक्यावरच्या फोमला काम पडण्याआधीच अपघात टाळता येतो तो याच पाच सेकंदांत.

डेन्मार्कमध्ये दोन मोठे प्रयोग झाले. ओडेन्स शहरात सायकलला कायम जळणारे दिवे लावल्यावर सायकलस्वारांचे अपघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाले. जवळपास सात हजार सायकलस्वारांच्या दुसऱ्या अभ्यासात, भडक पिवळे जाकीट घालणाऱ्यांचे इतर वाहनांशी होणारे अपघात जवळपास निम्म्याने घटले. आपल्याकडच्या उन्हात आणि वाहतुकीत आकडे वेगळे येतील, पण दिसल्याने फरक पडतो याबद्दल शंका उरत नाही.

आपल्या जुन्या व्यवस्थेला हे ठाऊक होते. नगरपालिकेचा पितळी बिल्ला नसलेली सायकल आणि दिवा नसलेला रात्रीचा सायकलस्वार या दोघांनाही एकेकाळी पोलिस अडवत. डायनॅमो नसेल तर कंदील नाहीतर निदान विजेरी हातात धरून लोक गावात शिरत. दंड नको म्हणून चाकातली हवा सोडण्याची शिक्षाही जुन्या पिढीला आठवते. त्या काळी हेल्मेटचे नावही कुणाला माहीत नव्हते, पण सुरक्षिततेचा पहिला नियम सगळ्यांना पाठ होता : अंधार पडला की दिवा. बिल्ला गेला, डायनॅमो गेला, आणि त्यांच्याबरोबर दिव्याचा नियमही विसरला गेला. केंद्र सरकारने सायकलच्या परावर्तकांसाठी २०२०मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तो नव्या सायकलींपुरता. न्हावऱ्याच्या बाजारात वापरात असलेल्या वीस वर्षांच्या सायकलला तो लागू पडत नाही.

उलट्या बाजूने का येतात

महामार्गावरच्या सायकलस्वाराबद्दल मोटारवाल्यांची मुख्य तक्रार असते : ‘राँग साइडने येतात.’ तक्रार खरी आहे. पण दुभाजकातली मोकळी जागा एक-दीड किलोमीटरवर असली आणि शाळा समोरच दिसत असली, तर पायाने सायकल रेटणारा माणूस तीन किलोमीटरचा वळसा घालणार नाही. शिवाय समोरून येणारी गाडी दिसते म्हणून उलट्या बाजूने जाणे सुरक्षित, अशीही अनेकांची पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात समोरासमोरच्या धडकेत दोघांचे वेग एकमेकांत मिळतात, आणि फाट्यावर डावीकडे वळणारा चालक त्या दिशेला पाहतच नाही. ही सवय मोडायला व्याख्यान पुरत नाही. सलग सेवा रस्ता आणि गावागावाला भुयारी मार्ग असेल तरच ती मोडते. पुणे-शिरूर रस्त्यावर उन्नत मार्गाची योजना पुढे सरकते आहे. वरून जाणाऱ्या मोटारी मोकळ्या होतील. पण खालच्या रस्त्यावर सायकल आणि पायी चालणाऱ्याला किती जागा उरते, हा प्रश्न खांब उभे राहण्याआधीच विचारायला हवा.

कायद्याचे दार इथे किलकिले झाले आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३८(१अ) कलमाने राज्य सरकारांना पादचारी आणि बिनमोटर वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार २०१९मध्ये दिला. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेत सगळ्या राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितले. सदोष रस्ता बांधणाऱ्याला १९८अ कलमाखाली दंडही आहे. हेल्मेटवर भांडण्यापेक्षा या दोन कलमांचा पाठपुरावा ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी केला, तर अधिक जीव वाचतील.

मुलांचा प्रश्न

बिहारने २००६मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलींची नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्याकडेही जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या मुलींना सायकली देतात. वाटपाच्या कार्यक्रमात हार असतात, भाषणे असतात, फोटो असतात. सायकलबरोबर दिवा, मागचा रिफ्लेक्टर आणि मापाचे हेल्मेट मात्र नसते. सायकलच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च फार नाही, आणि त्याची तरतूद योजनेच्या निविदेतच करता येते.

सायकलची भीती वाढली तर पालक काय करतात, हेही पाहायला हवे. अनेक घरांत पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकल किंवा स्कुटी येते. ‘रस्ता खराब, सायकल नको’ म्हणणारा बाप पोराला परवान्याशिवाय गाडी देतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर १९९अ कलमाखाली पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला बहुधा माहीतही नसते. वरचे आकडे पुन्हा पाहिले तर हा सौदा किती वाईट आहे ते कळते. देशातले रस्त्यावरचे जवळपास निम्मे मृत्यू दुचाकीवरचे आहेत, आणि २०२२मध्ये हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारांचे पन्नास हजारांवर मृत्यू नोंदले गेले. मुलाला सायकलवरून उतरवून बिनहेल्मेट दुचाकीवर बसवणे म्हणजे लहान धोका टाळून मोठा घरी आणणे.

मुलांना हेल्मेट घालायला लावायचेच असेल तर ते शाळेने एकदम, सगळ्यांना आणि शिक्षकांपासून सुरू करावे. एकट्याने घातले तर हसू होते, सगळ्यांनी घातले तर तो गणवेश होतो. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटे बसले पाहिजे, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही आकार झाला पाहिजे आणि हनुवटीखालची पट्टी एक-दोन बोटे जाईल इतकीच सैल हवी. मुलींच्या दोन वेण्या हेल्मेटखाली सहज राहतात, उंच अंबाडा राहत नाही. एवढ्या बारीक गोष्टी नीट सांगितल्या की तक्रारी निम्म्याने कमी होतात.

निष्कर्ष

या सगळ्यातून निघणारा क्रम सरळ आहे. पहिला दिवा, दुसरा रस्ता, तिसरे हेल्मेट, आणि हेल्मेटची सक्ती कुठेच नको. दिवा आणि रिफ्लेक्टर आजच्या आज, शे-दोनशे रुपयांत लावता येतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३पासून ग्रामीण मुलांना वेल्डिंग, वीज आणि दुरुस्तीची कामे शिकवली जातात. त्या धर्तीवर प्रत्येक हायस्कुलाच्या मुलांनी गावातल्या सगळ्या सायकलींना मागचे दिवे बसवायचे ठरवले, तर एका हंगामात दोन्ही तालुके उजळतील. कारखान्यांनी मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायचे बंद करावे. पोलिसांच्या नाक्यापेक्षा वजनकाट्याचा नकार ट्रॅक्टरवाल्याला लवकर समजतो. एमआयडीसीतल्या कंपन्यांनी कंत्राटी कामगारांना परावर्तक जाकीट द्यावे, गेटच्या आत वापरायचे असते तसे गेटच्या बाहेरही. अपघातांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या आयरॅड प्रणालीतून सायकलस्वारांची आकडेवारी तालुकानिहाय वेगळी काढून ग्रामसभेपुढे ठेवावी.

आणि हेल्मेट? घ्या, विशेषतः मुलांसाठी आणि वेगाने चालवणाऱ्यांसाठी. पडण्याच्या अपघातात ते डोके वाचवते, हे पुरेसे सिद्ध झालेले आहे. फक्त मुलाच्या डोक्यावर हेल्मेट घालून त्याला बिनदिव्याच्या सायकलवर सोलापूर रस्त्याला सोडू नका. आज संध्याकाळी घरातली सायकल बाहेर काढा, तिच्या मागे लाल दिवा आहे का ते पाहा, आणि नसेल तर उद्या सकाळी दुकानात जाऊन तो बसवून घ्या.